मळ्यातल्या कुत्र्याची मिरगी

पहिला झटका आला तेव्हा मी अमरावतीत क्लासमध्ये फळ्यापुढं उभी होते. आई क्लासच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन घेतला.

"तू ये वं," ती म्हणाली. "आपल्या कुत्र्याले मारून टाका म्हनून रायले लोक."

सकाळी ती झेंडू तोडत होती. कुत्रा नेहमीसारखा तिच्या मागं-मागं वाफ्यात फिरत होता. एकदम आडवा पडला, चारही पाय ताठ झाले, मग सायकल चालवल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस आला, जागेवरच मुतला. धुऱ्यापलीकडच्या, बांधाला लागून असलेल्या वावरातले शेजारी काका धावत आले ते फावडं घेऊनच. "पिसाळलं हे," ते म्हणाले. "आज फेस आला, उद्या चावते. लेकरंबाळं फिरतात इथं. आत्ताच काम करून टाकू." बाबा मधे उभे राहिले. भांडले नाहीत, नुसते उभे राहिले. "तीन दिवस बांधून ठेवतो," म्हणाले. "पोरगी येते. थे सांगन तसं करू."

ती पोरगी म्हणजे मी.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही. बाळापूरच्या बाजूला आमचा मळा आहे. वांगी, टमाटे, मेथी आणि थोडी फुलं. आईबाबांनी त्या मळ्यात पाठ मोडून मला अकोल्याला शिकवलं, मी शेतकीची पदवी घेतली, आता अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तोच विषय शिकवते. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले. पण माझं शिक्षण त्यांनी नुसतं भिंतीवर फ्रेम करून लावलं नाही, वावरात वापरलं. ते कसं, ते पुढं येईल.

मी संध्याकाळी पोचले. कुत्रा निंबाला साखळीनं बांधलेला होता. मला पाहून उड्या मारल्या, पाणी प्याला, भाकर खाल्ली. पिसाळलेलं जनावर असं खात-पीत नाही एवढं मला माहीत होतं. काका धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, ही मिरगी दिसते. माणसाले येते तशी कुत्र्यालेही येते. मी याले अकोल्याले नेते. डॉक्टर काय म्हनते थे आल्यावर सांगते."

"अन् चावलं तं?"

"चावलं तं माया नावावर. एवढी शिकली ना मी? मंग ठेवा ना भरोसा."

आता आठवलं की हे वाक्य मला टोचतं. पण तेव्हा मी छाती काढून बोलले होते.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मिरगीच निघाली. दहा दिवस बांधून नजर ठेवा, खाणंपिणं सुटलं तर लगेच आणा, असं सांगितलं. आणि एक पांढरी गोळी लिहून दिली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, रोज, ठरल्या वेळेला. निघताना बजावलं की कुत्रा कितीही चांगला दिसला तरी गोळी मनानं बंद करायची नाही.

घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर तक्ता आखला. तारखा, सकाळ, संध्याकाळ. गोळी दिली की चौकटीत बरोबरची खूण करायची. क्लासमध्ये मी शिकवते ना, तसंच बाबांना समोर बसवून समजावलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"किती दिवस द्याची?"

"कायमची."

"चांगला असला तरी?"

"चांगला असला तरी," मी म्हटलं आणि पुढच्या गोष्टीकडं वळले. चांगला असला तरी का, ते सांगितलं नाही. क्लासमधल्या पोरांना मी रोज सांगते, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारा. बाबांना ते विचारायची वेळच दिली नाही.

चार महिने चांगले गेले. म्हणजे मला चांगले वाटले. दर महिन्याला मी गोळ्या घेऊन घरी जायची, तक्ता पाहायची. एक चौकट रिकामी नाही. बाबांच्या बरोबरच्या खुणा थोड्या वाकड्या, पण दाबून केलेल्या, पुठ्ठ्याच्या मागून उमटायच्या. मला अभिमान वाटायचा. त्यांच्यापेक्षा जास्त माझाच वाटायचा, खरं सांगायचं तर. कुत्रा धुऱ्याधुऱ्यानं फिरायचा, रात्री रानडुकरांवर भुंकायचा. काका मला पाहिलं की म्हणायचे, "काय मास्तरीनबाई, पेशंट काय म्हनते?"

"तुमच्यापेक्षा बरा हाय काका. वेळेवर गोळी घेते."

"आमची बुढी बी एवढी वेळेवर घेत नाई," ते म्हणायचे आणि हसायचे. फावड्याची गोष्ट कोणी काढत नव्हतं.

मग तो रविवार आला. मी घरीच होते. दुपारी जेवण झालं होतं, आई मेथीच्या जुड्या बांधत होती. कुत्रा ओट्याखाली झोपला होता, झोपेतच त्याचे पाय खरडायला लागले. मी धावले. बाजूचे टमाट्याचे कॅरेट सरकवले, डोक्याखाली पोतं घातलं, तोंडात हात घालू नको म्हणून आईला ओरडून सांगितलं. दोन मिनिटांनी थांबलं. मी श्वास सोडला. तो उठायच्या आतच दुसरा झटका आला. मग तिसरा. मधे तो शुद्धीवर येतच नव्हता. डोळे उघडे होते पण त्यात कोणी नव्हतं.

"बाबा, सकाळची गोळी देली ना?"

बाबा माझ्याकडं पाहत राहिले.

"देली का नाई?"

"नाई."

"अन् काल?"

मी आत गेले. फडताळातला गोळ्यांचा डबा उघडला. गोळ्यांचे पत्ते, न फोडलेले, तसेच होते. नीट रबर लावून, एकावर एक रचून ठेवलेले, तीन महिन्यांचे. आणि भिंतीवरच्या तक्त्यावर आज सकाळच्या चौकटीतसुद्धा बरोबरची खूण होती.

मी बाहेर आले ती ओरडतच. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. "खोट्या खुना कायले केल्या?" हे बोलले. "तुमाले एवढी साधी गोष्ट समजत नाई," हेही बोलले. आई म्हणाली, "बापाशी बोलून रायली तू, भान ठेव." मला भान नव्हतं. समोर कुत्र्याचा चौथा झटका चालू होता.

बाबा खाली बसले होते, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून. आवाज न चढवता म्हणाले, "खोटी खून नाई केली म्या. रोज सकाळी पायतो त्याले. डोळे पायतो, तोंड पायतो, चाल पायतो. रोग दिसला तं गोळी द्याची. नाई दिसला तं पायलं म्हनून खून कराची. तूच तं सांगतलं होतं."

"मी? मी कधी सांगतलं?"

"वांग्यावर," बाबा म्हणाले.

मला एकदम कळलं.

मी पदवी घेऊन आले तेव्हा बाबा औषधाच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून दर आठ दिवसांनी फवारणी करायचे. कीड असो-नसो, पंप पाठीवर. दोन वर्षं मी त्यांच्या मागं लागले. म्हटलं, तारखेवर औषध मारायचं नसतं बाबा. रोज सकाळी पान उलटून पाहा. कीड दिसली, ती जास्त झाली, तरच फवारा. उगाच मारलेलं औषध म्हणजे झाडालाही विष, आपल्यालाही विष. शेवटी त्यांनी ऐकलं, आणि ऐकलं तेव्हा असं ऐकलं की गावभर सांगत फिरले. धुऱ्याधुऱ्यावर लोकांना पानं उलटून दाखवायचे. "माया पोरीचं शिक्षन हाय हे," म्हणायचे. शिकलेल्या पोरीनं दिलेला तो एकच मोठा नियम त्यांना पटला होता, आणि तो त्यांनी कुत्र्याला लावला. पहिला महिनाभर गोळी दिली, मग कुत्रा ठणठणीत दिसला, तेव्हा उगाच विष कशाला. 'कायमची' हा माझा शब्द त्यांना त्या दुकानदाराच्या 'दर आठ दिवसांनी'सारखाच वाटला असेल.

आमचा आरडाओरडा ऐकून काका धुरा ओलांडून आले. मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. हात रिकामे होते. त्यांनी कुत्र्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"पायून काय रायले? माई गाडी काढतो. टाका त्याले पोत्यावर."

काकांची भाजी वाहायची चारचाकी होती. मागं बाबा आणि कुत्रा, पुढं काकांच्या बाजूला मी. बाळापूर मागं पडलं, अकोला येईपर्यंत मी मागच्या काचेतून पाहत होते. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि उन्हापासून आपल्या दुपट्ट्यानं झाकलं होतं. दुपट्टा मधूनमधून जोरात हलायचा.

दवाखान्यात लगेच सुई दिली, सलाईन लावलं. झटके थांबायला बराच वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. आत्ताही पूर्ण पहिल्यासारखा होईल असं सांगत नाही. मग त्यांनी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "म्या."

"का?"

"चांगला दिसला म्हनून."

डॉक्टरांनी त्यांना झापलं. रागाच्या भरात नाही, पण बाकावर आपापली जनावरं घेऊन बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. ही गोळी अचानक बंद केली की रोग दुप्पट जोरानं उसळतो, बाहेरून दिसत नसला तरी आत असतो, हे सांगितलं. मी बाबांना जे सांगायला पाहिजे होतं ते अगदी तेच. शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, "मुलगी एवढी शिकलेली आहे तुमची. तिचं तरी ऐकत जा."

"हो साहेब," बाबा म्हणाले.

मला एक वाक्य बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्या बाकावर बसलेली माणसं माझ्याकडं चांगल्या नजरेनं पाहत होती, शिकलेली मुलगी म्हणून, आणि मी ते वाक्य गिळलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुईच्या गुंगीत कुत्रा बाबांजवळ मागं पडला होता, पोट वरखाली होत होतं. काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "बुढ्यानं तुयं नाव घालवलं न वं मास्तरीनबाई. एवढं समजावून बी ऐकलं नाई."

या वेळी मी बोलले. "ऐकलं काका. मायंच ऐकलं. पान उलटून पाय, रोग दिसला तरच औषध दे, हे मीच शिकवलं. कुत्र्याचं वेगळं असते हे सांगतलं नाई. चूक माई हाय. अन् तिकडे डॉक्टरपुढं बी मी बोलली नाई."

काकांनी आरशातून मागं पाहिलं. म्हणाले, "मले कायले सांगतं? मांगं बसला हाय थो, त्याले सांग."

घरी पोचल्यावर सांगितलं. बाबा कुत्र्याला उचलून ओट्यावर ठेवत होते. "डॉक्टरचं मले नाई झोंबलं," ते म्हणाले. "तुयं दुपारचं झोंबलं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढू शकले नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

कुत्रा जगला. पण राखणीचा राहिला नाही. मागचा एक पाय ओढतो, डुकरं आली तरी भुंकत नाही, कधीकधी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. नवा कुत्रा आणा असं दोघातिघांनी सुचवलं. बाबा म्हणतात, हा हाय ना. गोळी आता रोज, दोन्ही वेळा, ठरल्या वेळेला जाते. तरीही महिना-दीड महिन्यानं एखादा झटका येतोच. डॉक्टर म्हणतात, तो किती वेळ टिकला ते पाहत जा, पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच आणा. बाबा घड्याळ लावत नाहीत. ते कुत्र्याजवळ बसून मोठ्यानं आकडे मोजतात, जेवढे त्यांना येतात तेवढे, शंभर झाले की पुन्हा एकपासून.

काल सकाळी क्लासला निघताना त्यांचा फोन आला.

"आला होता. एक शंभर अन् वर दहा झाले तवा उठला. पानी पेला." मग म्हणाले, "जाय तू, पोरं वाट पायत असतीन."