निळ्या एप्रनखालचा आकडा

व्होइका सव्वीस वर्षं रुग्णवाहिकेवर होती. ल्युटोमेरच्या टेकड्यांवर तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

जुलैच्या भर दुपारी लुडविक आपल्या द्राक्षमळ्यात कोसळला. पाखरं हाकलायचं, वाऱ्यावर फिरणारं आठ पात्यांचं लाकडी खडखडं तो दरसालप्रमाणे खांबावर चढवत होता; सात पाती बसवून झाली होती. हृदय बंद पडलं होतं. पण व्होइका पोचली तेव्हा बायको तिल्का आणि शेजारी आळीपाळीने त्याची छाती दाबत होते. व्होइकाच्या परीक्षेत गाव तिथंच पास झालं.

तिने छाती दाबायला घेतली. तरुण डॉक्टर लोरबेकने लुडविकच्या कपाळावर नव्या यंत्राची पट्टी चिकटवली. हृदय थांबलेलं असताना मेंदूला प्राणवायू पोचतोय की नाही, हे ते यंत्र आकड्यात सांगायचं. तिसाच्या खाली म्हणजे आशा कमीच; इथं आकडा पंधरा होता. पंचवीस मिनिटांनी बारा झाला.

"व्होइकाताई, थांबू या. मेंदूच उरला नाही तर हृदय चालवून काय उपयोग?"

तिल्का लुडविकच्या डोक्याशी येऊन बसली.

"आकडा खोटा बोलतोय!" व्होइका दाबता दाबताच ओरडली. "माझे हात नीट चाललेत, मला कळतं. ऊन बघा केवढं! पट्टी उजेड टाकून मोजते, त्यात ह्या उन्हाचा उजेड घुसतोय. तिल्कामावशी, ह्यांचा एप्रन सोडा आणि कपाळावर टाका. चार घड्या करून!"

त्या भागात निळ्या एप्रनशिवाय मळ्यात उभ्या पुरुषाला अर्धा उघडाच समजतात. तिल्काने गाठ सोडली आणि घडी कपाळावर ठेवली. पडद्यावर एकेचाळीस आले. मग सेहेचाळीस.

लोरबेकचा चेहरा पडला, पण हट्टी नव्हता बिचारा. "चालू ठेवा," तो म्हणाला, आणि पुढची पाळी त्याने स्वतः घेतली. दहा मिनिटांनी नाडी लागली.

हृदय परत आलं. माणूस परत येईल का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नऊ दिवस व्होइकाने फुशारकी मारली नाही, म्हणजे ती किती घाबरली होती बघा.

दहाव्या दिवशी ती दवाखान्यात गेली. लुडविकने डोळे किलकिले करून तिच्याकडे बघितलं.

"माझा एप्रन कुठाय?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अर्धा उघडा आणलात मला! आणि खडखड्याचं आठवं पातं बसवायचं राहिलंय, तिल्काला सांगा."

"धुवायला टाकलाय. गप पडा," व्होइका म्हणाली. मग बाहेर येऊन ती भिंतीला टेकली आणि रडली. सव्वीस वर्षांत तिला आपल्या हातांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. आठवं पातं! सात बसवलेली त्याच्या लक्षात होती.