कुंकवाआधी दाणा

दसऱ्याच्या दुपारी ट्रॅक्टरमागं मळणीयंत्र तांड्यात आलं, तेव्हा सुखीबाईनं आधी आभाळाकडं पाह्यलं अन् मग यंत्राकडं. आभाळ काळं भरून येत होतं. अन् वावरात सवंगून, म्हणजे कापून, रचलेल्या सोयाबीनची गंजी उभी, वर एक फाटकी ताडपत्री. गंजी भिजली की दाणा काळा पडतो, शेंगेतल्या शेंगेत कोंब निघतात. गेली दोन वर्षं हेच झालं होतं, कारण भाड्याचं यंत्र आधी गावातल्या मोठ्या वावरांत फिरायचं अन् तांड्यात यायचं ते सगळ्यांच्या मागून. म्हणून तर महागावजवळच्या या तांड्यातल्या बाईनं गोठ्यातल्या म्हशी विकून घरचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

यंत्र विकणारा बादल तिला महागावच्या बाजारात भेटला होता. एका एजन्सीचा माणूस, पण दुसऱ्या तांड्यातला, बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलणारा. पहिल्याच भेटीत तिला ‘याडी’ म्हणाला, म्हणजे आई, अन् घरी येऊन भाकर खाऊन गेला. झालं! परक्या सेल्समनला हिनं सतरा प्रश्न विचारून भंडावून सोडलं असतं. पण आपल्या बोलीतला माणूस आपल्याला कसा फसवन? यंत्र न पाहताच सगळे पैसे देऊन मोकळी झाली. मग सुरू झाली बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. सोमवारी आणतो, गाडी बिघडली, गोदामाची चाबी सापडून नाई राह्यली. अन् आज ऐन मुहूर्तावर उतरला, तोही घाईतच.

“याडी, चाल, नारळ फोड, कुंकू लाव. फोटो काढतो अन् निघतो. ट्रॅक्टर अजून दुसरीकडे न्याचा हाय.”

तिचा नवरा उत्तमसिंग पूजेचं ताट घेऊन उभाच होता. बायामाणसं जमली होती. सुखीबाईनं कुंकवात बोट बुडवलं अन् तिथंच थबकली. या तांड्यात एकदा कुंकू लागलं की वस्तू घरची झाली. ती कशीही निघो, दारातून परत धाडायची नाही. बादल याच रीतीत वाढलेला. मग याला एवढी घाई कायची?

“पहिले चालवून दाखव,” ती म्हणाली.

बादल हसला. “बिनापूजेचं यंत्र चालवतेत काय, याडी? अपशकुन होते.”

“अपशकुन मले लागन. तू चालव.”

उत्तमसिंगचं तोंड उतरलं. “लोक पाहून राह्यले. मुहूर्त टळून जाईन. कायले हट्ट करून राह्यली?”

“पाहू दे. पाह्याले पैसे पडत नाईत.”

बादलनं ड्रायव्हरला यंत्र सोडून ट्रॅक्टर काढायची खूण केली. तशी सुखीबाई सरळ चालत गेली अन् ट्रॅक्टरच्या चाकासमोर फतकल मारून बसली. बाप्पा! पन्नाशीची बाई, साऱ्या तांड्यासमोर! वरून ताठ दिसत होती, पण मनात एकच घोर होता. यंत्र खोटं निघालं तर गंजी गेली, अन् खरं निघालं तर तांडाभर हसू. दोन्हीकडून मरणच.

ड्रायव्हरनं निमूटपणे यंत्र सुरू केलं. तिनं स्वतः कवेत मावेल तेवढं कवळाभर सोयाबीन आणून टाकलं अन् खाली पडलेला दाणा ओंजळीत घेतला. अर्ध्याहून जास्त दाणा फुटलेला. पार डाळ झाली होती.

“हे काय हाय?”

“नवं यंत्र हाय ना, याडी. सेटिंग करून देतो उद्या. तू कुंकू तं लाव.”

“फुटला तं फुटला,” उत्तमसिंग हळूच म्हणाला. “घरात तं येईन. पाणी आलं तं हेही हातचं जाईन.”

त्याचं खोटं नव्हतं, अन् तेच तिला झोंबलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पण याच गंजीतून तिला पुढच्या पेरणीचं बियाणं ठेवायचं होतं, अन् फुटका दाणा काही उगवत नाही.

“फोन लाव तुह्या मालकाले. सगळ्याईले ऐकू येईन असा.”

“इथं रेंज कुठी हाय?”

“माह्याले हाय,” तांड्याचा नायक सेवादास पुढं आला. एजन्सीचा नंबर यंत्रावरच रंगवलेला होता. त्यानं तो लावला, आवाज मोठा केला अन् फोन बादलच्या तोंडासमोर धरला.

“सायेब, बादल बोलून राह्यलो...”

“झाला का रे फोटो?” मालकानं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. “थो डेमोचा जुना पीस खपव एकदाचा. कुंकू लागलं की ते लोक परत नाई करत, तूच म्हणे ना!”

सुखीबाईला संताप यायला हवा होता, पण आधी डोळेच भरून आले.

“माह्या हातची भाकर खाल्ली तू,” ती एवढंच म्हणाली.

मग सेवादासच बोलला. “मालक, नायक बोलतो. दिवस मावळाच्या आत नवं यंत्र पाठवा. तवरक तुमचा ट्रॅक्टर अन् हा पीस इथंच राहीन.”

अन् मग ते वाट पाहणं! वारा सुटला, ताडपत्री फडफडायला लागली. सुखीबाई तिच्या एका टोकावर बसली, उत्तमसिंग दुसऱ्या. नवरा बरोबर निघाला तर? नुसत्या हट्टापायी सगळं पीक घालवलं तर? रस्त्याकडं पाहून पाहून तिची मान दुखली.

दिवस कलता कलता दुसरा ट्रॅक्टर आला, मागं कोरं यंत्र. तिनं सरळ कवळा टाकला, ओंजळ भरली. गोल, पिवळा, अख्खा दाणा!

“टाका!” ती ओरडली, अन् जो दिसेल तो गंजीला भिडला. पोत्यांवर पोती भरायला लागली. गंजी निम्मी सरली अन् टपटप थेंब पडायला लागले. तेवढ्यात उत्तमसिंग पूजेचं ताट डोक्यावरच्या शेल्यानं झाकत धावत आला.

“सुखी, आता तं लाव! निदान एक बोट लाव!”

“देव काई पळून नाई चालला,” सुखीबाई म्हणाली. “ठेव थे ताट, अन् पहिले पोतं उचल.”