मी रागात नव्हतो

आमचं मीठ खाडीने नेलं असं गावात अजून सांगतात. खाडीने नेलं हे खरं, पण ते तिला नेऊ दिलं कारभाऱ्याने.

पनवेलच्या खाडीला लागून आमचं गाव. मिठागरं शेठची. शेठ राहायचा मुंबईत, आणि इथला सगळा कारभार त्याचा कारभारी बघायचा. आमच्या वाट्याचे वाफे बाबा कसत. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी मिठाच्या राशी घालून तयार होत्या आणि अमावास्येच्या उधाणाला आमच्या बाजूचा बांध खचला. कारभाऱ्याने सगळे गडी शेठच्या बांधावर लावले होते. तिथे धोका काहीच नव्हता. बाबा धावत गेले.

"कारभारी, चार माणसं द्या."

कारभारी छत्रीखाली उभा होता. "थांब," एवढंच म्हणाला.

बाबा थांबले. डोळ्यांदेखत रास वितळत गेली. घड्याळात ती वेळ किती भरली असेल कोण जाणे, पण बाबांच्या अंगातून ती पुढे कधी गेलीच नाही. दुसऱ्या हंगामात कारभाऱ्याने आमचे वाफे स्वतःकडे घेतले. बाबा दारात खाडीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तरी, "थांब, पाणी ओसरू दे," म्हणायचे. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

मी शाळा सोडून त्याच मिठागरावर मजुरीला लागलो. दिवस उजाडत होते, मावळत होते, पण मला मात्र एकच दुपार लांबत चाललीय असं वाटायचं. माझ्या हातून सूड उगवला जाणार याची मला खात्री होती. भरती येते तसा तोही येईल, मला वेगळं काही करावं लागणार नाही, असंच मी धरून चाललो होतो.

पुढे एका उन्हाळ्यात ती वेळ आली. गडी जेवायला गावात गेले होते. बांधावर मी आणि कारभारी, दोघंच. भरती चढत होती. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांधातून पाणी झिरपायला लागलं, बघता बघता त्याची धार झाली. आत कारभाऱ्याचं मीठ होतं, एके काळच्या आमच्या वाफ्यांतलं. त्याने धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी चिखल दाबायला लागला.

"ये रं! फावडा घेऊन ये! बगतोस काय?"

फावडं माझ्या हातातच होतं. आणि त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली. तिच्यापर्यंत मी विचार करत करत पोचलो नव्हतो. ती एकदम समोर आली. पाण्याला यावंच लागत होतं. मला मात्र कशाचीच सक्ती नव्हती. बाबांचं मरण मला पाठीमागून ढकलत नव्हतं, राग तर कुठे शोधूनही सापडत नव्हता. धावत जाणं आणि उभं राहणं, दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या होत्या. इतका मोकळा मी आयुष्यात कधी नव्हतो.

"थांबा," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. तो शब्द त्याला ओळखू आला, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं. मग बांध फुटला. रास खालून काळी पडत पडत बसली, तोवर मी जागचा हललो नाही.

संध्याकाळी गावकी बसली. म्हातारे माझ्या बाजूचे होते. त्यांतला एक म्हणाला, "बापाचा राग डोक्यात गेला, सुचला नाय, येवढा बोल. आमी मिटवतो."

"मी रागात नव्हतो," मी म्हणालो. "मला जाता आलं असतं. मी गेलो नाय."

मग कुणालाच काही करता आलं नाही. मिठागराचं काम सुटलं, गावाने बोलणं टाकलं. आईने घरी येऊन कपाळ बडवून घेतलं. "येक शबूद खोटा बोलला असतास तर काय झालं असतं?" काय झालं असतं ते मला तेव्हा तिला सांगता आलं नाही. तिला घेऊन मी पनवेलला आलो आणि भाताच्या गिरणीत कामाला लागलो.

बऱ्याच वर्षांनी कारभारी मला एसटी स्टँडवर भेटला. काठी टेकत होता. त्यानेच हाक मारली.

"तवा तू पोरगा होतास," तो म्हणाला. "रक्त गरम. मी कायपण मनात ठेवला नाय."

"ठेवा," मी म्हणालो. "रक्तबिक्त काही नव्हतं. मला येता येत होतं. तसंच तुम्हालाही त्या दिवशी माणसं देता येत होती."

त्याचे ओठ हलले. "शेठचा हुकूम होता रं."

"शेठ मुंबईत होता."

माझ्या चुकीला कारभाऱ्याने दिलेलं वयाचं नाव मी घेतलं असतं, तर त्याच्या चुकीलाही हुकुमाचं नाव मिळालं असतं आणि दोघंही सुटलो असतो. मला त्याला सोडायचं नव्हतं. त्यासाठी स्वतः अडकून राहायला मी केव्हाच तयार झालो होतो.

त्याची गाडी लागली. पायरी उंच होती, त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. शेवटी कंडक्टरने त्याला वर ओढून घेतलं, आणि मी गिरणीकडे परत निघालो.