चार मण्यांची जागा

"तुटली न्हाई म्हणायचं, बाई. वाढली म्हणा, वाढली."

बाईनं कागदाच्या पुडीतली पोत पुढं धरली की दागिने रेशमात गाठून देणारे आमचे पटवेगार चाचा आधी हे म्हणायचे. पुडीला लगेच हात लावायचे नाहीत. पत्र्याची डबी उघडायचे. तिच्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेली हळकुंडं. "हे घाला गळ्यात. मोकळ्या गळ्यानं बसू न्हाई." बाईनं हळकुंड बांधलं की मगच पोत हातात घ्यायचे. आता तुम्हीच सांगा, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसानं आमच्या गळ्याची एवढी फिकीर करावी! मला पहिल्या दिवशी हसूच आलं होतं.

लातूरला गोलाईजवळच्या सराफ गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक, आणि समोर बोळाच्या तोंडाशी माझं फॉल-पिकोचं मशीन. कितीतरी वर्षं आम्ही असे समोरासमोर. बाकीचे पटवेगार पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून गाठी मारतात, तुम्ही पाहिलं असेल. चाचांनी त्यासाठी पाटाला खुंटी ठोकून घेतली होती. सोन्याला पाय लावायचा नाही, म्हणून.

पोत गाठून होईपर्यंत बाईला जागचं हलता येत नाही, आणि हात सारखा गळ्याकडं जातो. तिचं ध्यान दुसरीकडं लागावं म्हणून चाचा सोन्याच्या गोष्टी सांगायचे. डोंगरापलीकडच्या मुंग्या वारुळातून सोन्याचा भुगा वर आणतात, तो म्हणे राजाच्या खजिन्यात जायचा. शेतात पुरलेल्या मोहरांच्या हंड्या अमावास्येला साखळ्या वाजवत जागा बदलतात. खरं-खोटं देव जाणे. मी मात्र पिको करता करता कान तिकडंच लावलेला.

एकदा निलंग्याची एक आजी पुतळ्यांची माळ घेऊन आली. चाचांनी एक पुतळी उजेडात धरली. "आजी, ह्यावर कोन हाय?"

"कोन म्हंजी? राम-सीता!"

"न्हाई. हे नाणं मुळात दर्यापारच्या फिरंग्यांचं. त्यांचा राजा त्यांच्या साधूपुढं गुडघे टेकून बसलाय. आपल्या लोकांनी त्याचीच नक्कल केली."

आजी भडकली. "आरं, लगीन झाल्यापून मी रोज सकाळी ह्याच्या पाया पडून राहिले की रं!"

"मग काय बिघडलं? राजा खूश झाला आसंल." आख्खी गल्ली हसली. आजी जाताना माळेला पुन्हा हात जोडूनच गेली.

भूकंप झाला त्या वर्षी मात्र गल्लीत हसणं राहिलं नाही. किल्लारीकडची एक तरणी बाई आली. कडेवर लहान पोर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मातीनं भरलेले मणी. चाचांनी वर न बघता सवयीनं म्हटलं, "तुटली न्हाई, वाढली म्हणा."

"चाचा," ती म्हणाली, "तुटलीच. मालकच गेले."

चाचांचा हात डबीपर्यंत गेला होता. तिथंच थांबला. मग हळूच मागं आला.

"ही वाटी-बिटी मला नगं. सोन्याचे मणी तेवढे पोरीच्या गळ्यासाठी ववा," ती म्हणाली. चाचांनी आपल्या लोट्यातल्या पाण्यानं एक एक मणी धुतला. लाल रेशमात ओवला. त्या दिवशी सोन्याची गोष्ट नाही. शेवटी दोन्ही टोकांना गाठी मारून मोकळी जागा सोडली आणि म्हणाले, "पोरगी वाढंल, माय. जागा ठेवलीय." आपला तो नेहमीचा शब्द त्यांच्या तोंडून एवढा जड आलेला मी तेव्हाच ऐकला.

पुढं लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. गावोगावच्या आया यायच्या. "दोन मणी काढून द्या चाचा, पोराचं नाव घालायचंय, फी भरायचीय." काढलेल्या मण्याच्या दोन्ही बाजूंना चाचा गाठ मारायचे आणि मधली जागा तशीच रिकामी ठेवायचे. "मणी आणा. मी हाय हितंच."

माझी लेक बारावीला गेली तेव्हा माझ्याही पोतीतले चार मणी निघाले. लेक शेजारीच बसली होती, तोंड पाडून. मग आपणहून म्हणाली, "चाचा, सर सांगत होते, सोनं जमिनीत तयार होत नाही. आभाळातले मोठे तारे फुटतात, तेव्हा होतं."

चाचांचा हात थांबला. "फुटतात म्हणू न्हाई, बेटा. वाढतात म्हण." मग हातातला मणी उजेडात धरला. "म्हंजी मी आजवर तारेच ओवून राहिलो की!"

पोत माझ्या हातात देताना म्हणाले, "आक्का, चार जागा ठेवल्यात."

तेव्हापासून रोज सकाळी पाट मांडता मांडता समोरून हाक यायची. "आक्का, मणी कवा?"

"लेकीचा पगार सुरू होऊ द्या, चाचा!"

"हाव. मी काय पळून चाललो?"

लेक नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, नांदेडलाच नोकरीला लागली. तिच्या बाळंतपणासाठी मी मशीन झाकून पाच महिने तिकडं राहिले. निघताना तिनं हातात पुडी ठेवली. चार मणी. एसटीत सगळा रस्ता मी ती पुडी मुठीत धरून बसले होते. या खेपेला त्यांनी विचारायच्या आधी आपणच हाक मारायची, असं ठरवलं होतं.

पायरीवर पाट नव्हता.

दुकानातले सराफ बाहेर आले. "आक्का, चाचा रमजानमध्ये गेले." मग माझ्या मुठीकडं बघून म्हणाले, "द्या ना, आतला कारागीर गाठून देतो. जुना दोरा कापावा लागंल, बस्." आणि कात्री उचलली.

हळकुंड कुणी पुढं केलं नाही. मी दोन पावलं मागं सरले. पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि घरी आले.

मणी अजून पुडीतच आहेत. बोलता बोलता माझं बोट गळ्याशी जातं, त्या चार जागांवरून फिरतं. मधे रेशीम, दोन्हीकडं त्यांच्या गाठी. लेक आली की ओरडते, "आई, किती जुना झालाय दोरा. तुटेल ना एखाद्या दिवशी!"

"वाढेल म्हण," मी म्हणते.