हिच्या आधी कोण होतं?

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात मुंबईहून भाच्याचा फोन आला... "मामू, अम्मी गेली." शटर खाली ओढलं आणि तिथेच पायरीवर बसलो. नसीमाआपा माझी चुलतबहीण. दीड-दोन महिने झाले, तरी बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणी तिचं नाव काढलं की मी हातातलं माप अर्धवट सोडून तिचंच सांगत बसतो.

आपा लहान मुलांची डॉक्टर. पण तेवढ्यावर थांबेल ती आपा कसली! चाळिशीत ती पोरासोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकली. प्रतिकारशक्ती घडवणारी जनुकं वाचायची आणि त्यांतला दोष कॉम्प्युटरवर हुडकायचा, हे तिचं काम. परदेशात तिला केवढा मान! घरी मात्र तिच्या हातचा चहा प्यायला कुणी धजत नसे. सुट्टीला आली की आमच्या ओटीवर लॅपटॉप मांडायची, खिडकीतून चार्जरची वायर ओढायची आणि येईल त्या बाईला धरून घराण्याची माहिती विचारायची. आमच्यात लग्नं नात्यातच होतात, आणि काही घरांत तान्ही बाळं साध्या सर्दी-तापाने दगावत. लोक म्हणत, नजर लागली. आपाला ते अजिबात खपत नसे.

माझी लेक रुखसार तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती. आधीच्या दोन्ही मुली अशाच गेलेल्या. मी चिडून म्हणालो, "आपा, तुझी मशीन दुनियेचं सांगते, माझ्या पोरीचं काय?"

"न्हाय सापडत तर काय करू, रशीद? डोकं फोडू?" ती खेकसली. तिच्या हिशेबात रुखसारच्या घरी दोष दिसतच नव्हता.

एका दुपारी तिने स्वतःच्या आईवडिलांची माहिती भरली आणि खो खो हसत सुटली. "बघ, मशीनने मलाच खाल्लं!" आपाच्या आधी चाचीला एक मुलगी होऊन गेली होती, तिचंही नाव नसीमा. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला द्यायचं, ही आमच्या घराण्यातली जुनी रीत. आईबाप तेच, नाव तेच, म्हणून कॉम्प्युटरने एकच माणूस चुकून दोनदा लिहिलाय असं समजून एक नसीमा काढून टाकली होती. हसता हसता आपा थांबली... घाईघाईने काहीतरी शोधू लागली.

"रशीद, हितं एकच झोया हाय."

रुखसारच्या दोन्ही मुलींचं नाव झोया होतं.

"दोघींना मी मांडीवर घेतलं होतं रे," आपा म्हणाली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. "मशीनची चूक न्हाय. दुबार दिसेल ते काढ, हे मीच शिकवलं तिला."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दारोदार फिरली. प्रत्येक नावापाशी एकच सवाल, "हिच्या आधी कोण होतं?" पुसलेली बाळं एकेक करून परत आली, तसा दोष उघडा पडला. रोगाशी लढणारे पहारेकरीच त्या बाळांच्या अंगात तयार होत नव्हते. रुखसारची तिसरी मुलगी तोच दोष घेऊन जन्मली, पण या वेळी आम्ही सावध होतो. मुंबईच्या डॉक्टरांनी जावयाची अस्थिमज्जा देऊन तिला वाचवलं. रुखसारच्या सासूबाई तिचंही नाव झोया ठेवायला निघाल्या, तेव्हा आपा म्हणाली, "नको. ते दोघींचं हाय, त्यांचंच राहू दे." ही आमची हानिया. आता शाळेत जाते आणि माझ्या दुकानातली चिक्की न विचारता उचलते.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलाला मुलगी झाली. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, नसीमा. मला ते पटत नव्हतं. आपा रागावली असती, असं वाटत होतं. ओटीवरच्या खिडकीतून तिची ती वायर अजून लोंबतेय, कुणी काढलेली नाही. रुखसार बाळाला घेऊन तिथेच, आपाच्या जागेवर बसली आणि थेट आपाच्या सुरात मला विचारलं, "हिच्या आधी कोण होतं?"

"दोन नसीमा," मी म्हणालो. "ठेवा तेच नाव, पण मोठी झाली की दोघींचं सांगा तिला."