पंखा थांबला की आयली

खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या डिचोलीजवळच्या मुळगावच्या घरात एकही वस्तू उघडी नसायची. टीव्हीवर कापड, मिक्सरवर कापड, शिलाई मशीनवर कापड. दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि तांबडी धूळ घरभर बसायची. पुसून पुसून माझा जीव जायचा. बाबांनी उभा जन्म तेच ट्रक चालवले. त्यांच्या छातीत बसलेली धूळ मात्र पुसता येणारी नव्हती. शेवटी पुढच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन आलं आणि वीज गेली तरी ते चालावं म्हणून स्वयंपाकघरालगत इन्व्हर्टर.

वीज गेली की इन्व्हर्टरचा पंखा घों घों सुरू व्हायचा, आली की गप्प. पंखा थांबला की आई जागेवरूनच ओरडायची, "आयली गो!" पुढून बाबा धापा टाकत म्हणायचे, "कळ्ळें, कळ्ळें!"

इन्व्हर्टर बसवणाऱ्याने बजावलं होतं, मागची जाळी मोकळी ठेवा, पंखा तिथूनच वारा घेतो. मला रागच आला. याच्या बापाचं काय जातं, धूळ मी पुसते! पंधरा दिवसांत जाळी तांबडी झाली, तशी मी आईचं जुनं लुगडं दुहेरी करून इन्व्हर्टरला गच्च बांधलं. आई म्हणाली, "कित्याक बांदता गो? ताका वारो नाका?" मी फटकन म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतं?"

पुढच्याच रविवारी दुपारी वीज गेली. पंखा सुरू झाला. मी परसात कपडे वाळत घालत होते, आई बांगडे कापत होती. अर्ध्या तासाने पंखा थांबला. "आयली गो!" आई ओरडली.

"कळ्ळें" काही आलं नाही. डोळा लागला असेल, असं मला वाटलं. मशीन बंद पडल्यावर वाजणारी शिटी आधीच बिघडली होती. कपडे संपवून मी आत आले आणि बटण दाबलं. दिवा लागेना. पुढच्या खोलीत धावले. नळी नाकात तशीच होती, ओठ काळेनिळे पडले होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून डिचोलीच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं.

वीज आलीच नव्हती. इन्व्हर्टर तापून बंद पडला होता. घरी परतल्यावर माणसं जमायच्या आत मी ते लुगडं सोडलं. हाताला अजून गरम लागत होतं. घडी करून कपाटात कोंबलं.

बारावं झाल्यावर इन्व्हर्टर बसवणारा माणूस तो बघायला आला. जाळीवर बोट फिरवून त्याने विचारलं, "वर काही झाकलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

आई दारातच उभी होती. मला वाटलं, आता ही बोलणार. ती माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "चूक म्हजी. हांवेंच आयली म्हणून सांगलें."

पुढे आल्यागेल्या प्रत्येकाला ती हेच सांगत राहिली, चूक म्हजी. नातेवाईक तिची समजूत घालायचे. मी त्यांना चहा द्यायचे.