आमचे कॉम्प्युटर कोणीच वापरत नाही म्हणे

मंडळी, आज डोकं फिरलंय.

नांदुऱ्याजवळच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. 'सगळ्यांसाठी' म्हणून स्वयंसेवक मिळून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात. मीही हौसेने त्यांच्यात नाव घातलं. पहिलं काम म्हणून नवी आवृत्ती शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. कुठे कुठे अडकते ते पोरींनी आठवडाभर वहीत टिपलं, मी ते इंग्रजीत लिहून पाठवलं.

आज तास चालू असतानाच उत्तर आलं. "धन्यवाद. पण असे कॉम्प्युटर आता कोणीच वापरत नाही. तक्रार बंद केली आहे."

माझ्यासमोर बारा 'कोणीच नाही' बसल्या होत्या.

"सर, काय म्हणे ते?"

मी खरं ते सांगितलं. त्यातली एक म्हणाली, "मंग त्यायले आपला फोटो पाठवा ना!"

काढलाय फोटो. सांगा, खाली काय लिहू?